चार हजार पौंडांचं चीज आणि केझाया पर्डीचं नाक

आमच्या टाउन हॉलात त्या चीजचा फोटो अजून टांगलेला आहे. मधोमध चीज, पाच फूट रुंद आणि तीन फूट उंच. आणि भोवती हाताची घडी घालून उभे सतरा पुरुष, जणू प्रत्येकानं ते नऊ महिने पोटात वागवलं होतं. त्यांतला डावीकडून दुसरा मी, ईबेन व्हेली. माझं काम फक्त शेताशेतांवरून दुधाचे कॅन उचलून कारखान्यात आणायचं, पण तेव्हा मिश्या बऱ्या होत्या, म्हणून फोटोवाल्यानं मला पुढं ओढलं. जिच्यामुळं ते चीज माणसाच्या तोंडात घालण्याजोगं झालं, ती बाई फोटोत नाही. ती त्या वेळी मागच्या अंगणात फडकी वाळत घालत होती आणि तिला कुणी हाकही मारली नाही. मीही मारली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

तिचं नाव केझाया पर्डी. सगळं ग्लेनशी गाव तिला केझायामावशी म्हणायचं, अगदी तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. उंच, रुंद खांद्यांची, कोपरापर्यंत हात कायम लाल. 'मला वाटतं' हे शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. गाय उद्या विणार असं ती म्हणाली की लोक आजच कंदिलाची काच पुसून ठेवत. कधीकधी ती चुकायचीही, पण चुकल्यावरही आवाज तोच, त्यामुळं चूक गायीची वाटायची.

कारखाने येण्याआधी आमच्याकडे चीज बायकाच करत. स्वतःच्या स्वयंपाकघरात, घरच्या आठ-दहा गायींच्या दुधाचं. टाउनशिपच्या जत्रेत मावशीनं ओळीनं अकरा वर्षं लाल फीत घेतली, आणि ऑन्टारियोत लाल म्हणजे पहिली. मग कारखाना आला, सगळ्यांचं दूध एका हौदात पडू लागलं आणि चीज पुरुषांच्या हातात गेलं. बहुतेक बायकांनी हुश्श केलं. त्यांची मनगटं वर्षानुवर्षं भरून आलेली असायची, त्यांना कोण दोष देणार? मावशीनं मात्र हुश्श केलं नाही. नवरा एमॉस वारला, शेत दिराकडे गेलं, आणि ती कारखान्यात आली ती चीजला गुंडाळायची फडकी धुवायला. राहायला कारखान्याच्या पाठीमागची एक खोली. पगार नावाला होता, खोली हाच खरा पगार.

आमचा हेड मेकर, म्हणजे मुख्य चीज करणारा, गिल्बर्ट हॅगर्टी. तिशीही न गाठलेला, डेअरीच्या शाळेत शिकून आलेला. माणूस चांगला होता, फक्त फुटपट्टीवर विश्वास फार. दूध फाडून निवळी काढून टाकली की खाली राहिलेला चोथा तयार झाला का, हे बघायला तो चोथ्याचा गोळा तापल्या लोखंडाला टेकवायचा आणि ओढून किती लांब तार निघते ते मोजायचा. मावशी पलीकडं फडकी पिळता पिळता म्हणायची, "अजून दहा मिनिटं, मिस्टर हॅगर्टी." तो मोजायचा, मान हलवायचा आणि दहा मिनिटं थांबायचा.

आता लसणीचं सांगतो, कारण सगळं रामायण तिनंच घडवलं. बर्फ वितळलं, मेपलचा रस आटवून झाला, की कुरणात गवत येण्याआधी मेपलच्या रानात रानलसूण वर येते. रुंद, हिरवी, लुसलुशीत पानं. हिवाळाभर खारवलेलं डुकराचं मांस आणि बटाटे खाऊन तोंड मेलेलं असतं, त्यामुळं माणसं तिच्यावर तुटून पडतात. गायीही पडतात. आणि लसूण खाल्लेल्या गायीचं दूध असं काही वास मारतं की त्यातला एक कॅन हौदात गेला तर अख्खा हौद वाया. म्हणून त्या दिवसांत कारखान्याच्या ओट्यावर दूध घेताना प्रत्येक कॅनचं झाकण उचलून हुंगायचं, ही आमच्याकडची रीत. पण एक गोम आहे. ज्यानं स्वतः लसूण खाल्ली, त्याला दुधातली लसूण कळत नाही. आमच्याकडच्या गृहिणी तर लोणी वासाचं निघालं की जेवणाआधी सगळ्यांना एकेक कच्ची पाकळी चावायला देतात आणि तेच लोणी पावाला लावून मोकळ्या होतात.

केझायामावशीला रानलसूण अतिशय आवडायची. आणि चीज करायला लागल्यापासून तिनं एप्रिल-मे महिन्यांत ती कधी तोंडात घातली नव्हती. फडकी धुवायच्या कामाला नाक लागत नाही, तरीही नाही. मी एकदा विचारलं, "आता कशाला, मावशी? आता तर हॅगर्टी हुंगतो."

"हॅगर्टी रविवारी बहिणीकडे जेवायला जातो," ती म्हणाली. "ती लसणीचं सूप करते."

तर त्या मोठ्या चीजची गोष्ट अशी. शेजारच्या काउंटीनं आदल्या वर्षी साडेतीन हजार पौंडांचं चीज करून गावोगाव मिरवलं. इंग्लंडला माल पाठवणारे व्यापारी त्यांच्याकडे रांग लावू लागले आणि आमच्याकडे कुणी फिरकेना. आमचे रीव्ह, म्हणजे टाउनशिपचे प्रमुख, आर्चिबाल्ड टोल्मी. त्यांना हे फार झोंबलं. त्यांनी सात कारखान्यांची समिती केली. सातही कारखान्यांत एकाच दिवशी चोथा करायचा, तो गाड्यांनी आमच्याकडे आणायचा, आणि सगळा मिळून एका पोलादी साच्यात दाबायचा. चार हजार पौंड. सप्टेंबरच्या मोठ्या प्रदर्शनात ठेवायचं, म्हणजे चीज मुरायला चार महिने हवेत, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यात करायलाच हवं. पोस्टरंही छापून आली: 'ग्लेनशीचं चार हजार पौंडांचं चीज'. टोल्मींना काम होण्याआधी पोस्टर छापायची फार हौस.

आणि या कामाचा मुहूर्त म्हणून समितीनं आदल्या संध्याकाळी जेवण ठेवलं. वसंतातलं जेवण म्हणजे आमच्याकडे लसणीचंच. हॅम, बटाटे आणि टोपलीभर रानलसूण. हे ठरलं तेव्हा मावशी कारखान्यात हजर होती. ती सरळ टोल्मींना म्हणाली, "जेवण दुसऱ्या दिवशी ठेवा, टोल्मीसाहेब."

"का हो, मिसेस पर्डी?"

"चीजच्या दिवशी सकाळी नाकं लागतील."

टोल्मी हसले. "आम्ही खाणार आहोत, गायी नाही. माझ्या गायी कुंपणात आहेत."

जेवण झालं. मी मनसोक्त खाल्लं, खोटं कशाला बोलू. हॅगर्टीनंही खाल्लं; रीव्हनी स्वतःच्या हातानं वाढल्यावर नाही कसं म्हणणार? पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली आणि दोनदा वाढून घेतलं. मावशी वाढायला होती, ती काही न खाता घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी गाडी फिरवली. टोल्मींच्या फाटकापाशी नेहमीसारखे आठ कॅन. उचलले, निघालो. नाकाशी काही नाही. ओट्यावर पोचलो तर हॅगर्टी पांढऱ्या एप्रनमध्ये, शेजारी टोल्मी काळ्या कोटात, आणि दोघांच्या मागं मावशी, ओल्या हातांनी. हॅगर्टीनं झाकणं हुंगायला सुरुवात केली. एक, दोन, दहा. त्याचा चेहरा उतरत चालला. शेवटी तो हळूच म्हणाला, "मला काहीच कळत नाहीये."

"काही नाही म्हणजे सगळं ठीक आहे," टोल्मी म्हणाले.

"काही नाही म्हणजे काही नाही, साहेब. माझ्या स्वतःच्या हातालासुद्धा मला लसणीचा वास येत नाही, आणि काल मी तो टोपलीत घातला होता." बिचारा रडकुंडीला आला होता. "मिसेस पर्डी, तुम्ही जरा बघता?"

मावशी पुढं आली. एप्रनला हात पुसले आणि सगळी गाडी तपासली, एकेक झाकण उचलून, घाई न करता. टोल्मींच्या आठ कॅनपाशी ती थांबली. पहिल्याचं झाकण उचललं, नाकाशी धरलं, ठेवलं. मग दुसऱ्याचं. आठही झाल्यावर सरळ उभी राहिली.

"हे आठ नकोत."

टोल्मींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हे माझे कॅन आहेत, मिसेस पर्डी."

"ओळखते मी. नावं लिहिलीत त्यांच्यावर."

"त्यांत काय झालंय?"

"लसूण."

टोल्मींनी माझ्याकडे पाहिलं. "व्हेली, तू हुंग."

मी हुंगलं. दुधाचा वास. मी तसं सांगितलं. मग गावात लसूण न खाल्लेला दुसरा माणूस शोधायची धावपळ झाली. पोस्टाच्या बाई जेवणाला होत्या. डॉक्टरांची बायको आजारी म्हणून आली नव्हती, तर समितीनं मोठ्या आपुलकीनं तिला घरी डबा पाठवला होता. अख्ख्या ग्लेनशीत चालू नाक एकच उरलं होतं, आणि दूध दुपारपर्यंत थांबणार नव्हतं.

"हे आठ कॅन गेले तर चार हजार भरत नाहीत," टोल्मी म्हणाले. "साठ पौंड कमी पडतात. तीनशे पोस्टरं लागलीत."

"पोस्टर कुणी खाणार नाही, टोल्मीसाहेब. चीज खातील."

"माझ्या गायी लसूण खातील कुठून? कुंपण..." आणि इथं ते थांबले. त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं, ते मला दिसलं. "गिलीस. त्या गिलीसनं गायी रानात सोडल्या असतील तर आजच्या आज त्याला बोचकं बांधायला लावतो."

नील गिलीस त्यांचा गडी. आदल्या वर्षीच समुद्रापलीकडून आलेला, गेलिक बोलणारा, इंग्रजी जेमतेम. नवरा-बायको टोल्मींच्या कोठारामागच्या खोपटात राहत.

"गिलीसचा काय संबंध?" मावशी म्हणाली. "ओढ्याकाठचं कुरण तुमचंच ना? तिथंही उगवते. बी पाण्यानं येतं."

"यायला लागली असेल तर मी बघितली नाही."

"तुम्ही कुरणात शेवटचे कधी गेला होतात?"

हॅगर्टीला हसू आलं, ते त्यानं खोकल्यावर नेलं. टोल्मींना मात्र आता हरायचं नव्हतं. "आणि तुम्ही चुकत असाल तर?"

"तर सोमवारपासून फडकी दुसरं कुणीतरी धुवेल," मावशी म्हणाली. "आणि खोली रिकामी करून देईन."

ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली की मला क्षणभर अर्थच कळला नाही. छप्पन्न वर्षांची बाई, जायला दुसरं घर नाही, दीर दारात उभं करणार नाही. मी म्हणालो, "मावशी, अगं..." तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आमच्याकडे एक नियम आहे, तो कुठं लिहिलेला नाही. ओट्यावर मेकरचा शब्द शेवटचा. दूध रीव्हचं असो की पाद्र्याचं. टोल्मी हॅगर्टीकडे वळले. हॅगर्टीनं फुटपट्टी खिशातून काढली, उगाच बघितली, परत ठेवली. त्याची नोकरी समितीच्या हातात होती, आणि समिती म्हणजे टोल्मी.

"किती खात्री आहे, मिसेस पर्डी?"

"पूर्ण."

"व्हेली," तो म्हणाला, "ते आठ बाजूला काढ. मागच्या छोट्या हौदात घेऊ. त्याचं वेगळं चीज करू, म्हणजे कुणाचं खरं ते नंतर बघता येईल."

टोल्मी कोट सावरत निघून गेले. आम्ही कामाला लागलो. दुपारी सहा गाड्या चोथा घेऊन आल्या, तो मोडला, मीठ घातलं, साच्यात भरला, आणि चार माणसांनी दाबयंत्राचा दांडा फिरवला. मावशीनं त्या चीजसाठी शिवलेलं फडकं एवढं मोठं होतं की पोरांनी त्याला जहाजाचं शीड म्हटलं. चीज भरलं तीन हजार नऊशे चाळीस पौंड.

पुढचे दहा दिवस मावशीचं काय होणार, याशिवाय ग्लेनशीत दुसरा विषय नव्हता. टोल्मींनी दोनदा येऊन छोटं चीज कधी उघडणार म्हणून विचारलं. मी गाडीवर बसून मनातल्या मनात तिची खोली रिकामी करत होतो. तिची पलंगाची गादी माझ्या गाडीत कशी बसेल इथपर्यंत पोचलो होतो. ती स्वतः फडकी धूत होती. फक्त नेहमीपेक्षा जास्त.

दहाव्या दिवशी, सगळ्यांची नाकं ताळ्यावर आल्यावर, हॅगर्टीनं समितीसमोर छोट्या चीजमध्ये पन्हळीसारखी सळई घातली आणि कांडं बाहेर काढलं. त्याला नाकाशी न्यायची गरजच पडली नाही. टोल्मी दाराशी उभे होते, तिथूनच त्यांनी रुमाल काढला. कुणीतरी म्हणालं, "हे चार हजार पौंडांत गेलं असतं." कुणी हसलं नाही.

टोल्मी आमच्या पाहण्यातले मोठे हट्टी गृहस्थ, पण कोते नव्हते. ते सरळ मावशीकडे गेले आणि टोपी काढली. "मिसेस पर्डी, माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली. "पण तुम्ही टोपी घाला, ऊन आहे."

ते छोटं चीज टोल्मींच्याच डुकरांना गेलं. पोस्टरांवर 'जवळजवळ' असा शब्द छापून चिकटवला, तीनशेच्या तीनशे. सप्टेंबरात प्रदर्शनात परीक्षकानं मोठ्या चीजमध्ये सळई घातली, हुंगलं, चाखलं, पुन्हा चाखलं, आणि वहीत लिहिण्याआधी आम्हाला म्हणाला, "स्वच्छ." त्या एका शब्दावर त्या हिवाळ्यात आमच्याकडे चार व्यापारी आले. चीजपुढच्या कार्डावर नाव हॅगर्टीचं होतं. त्यानं दोन नावं लिहून पाठवली होती, समितीनं एक खोडलं, कारण बाईचं नाव कधी लिहिलं जात नसे. मात्र त्याच समितीनं पुढच्या वसंतापासून मावशीला ओट्यावर उभं केलं, मेकरच्या पगारावर. एकोणीस वर्षं तिनं आमचं दूध हुंगलं आणि कुणाची तिच्याशी वाद घालायची छाती झाली नाही. पोरं खोटं बोलली की आया म्हणत, थांब, केझायामावशीला हुंगायला बोलावते.

ती ओट्यावरून उतरली त्यानंतरच्या वसंतात मी तिच्याकडे गेलो. पंचाहत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. मी पिशवीभर रानलसूण नेली होती. तिनं ती धुतली, मिठात बुडवली आणि पाव-लोण्याबरोबर पानासकट कचाकच खाल्ली. डोळे मिटून. एवढ्या वर्षांनी तिला आवडीची गोष्ट खाताना बघून मला इतकं बरं वाटलं की मी वेंधळ्यासारखा बोलून गेलो, "मावशी, त्या दिवशी ते नाक नसतं तर आपली लाज गेली असती."

"कुठलं नाक?" तिनं आणखी एक पान घेतलं. "त्या दिवशी मला सर्दी होती, ईबेन. आठ दिवसांची. कढत धुण्याच्या वाफेतसुद्धा नाक उघडत नव्हतं."

मी हातातला पाव खाली ठेवला.

"मी जेवण वाढायला ओढ्याच्या वाटेनं गेले ना, तेव्हा टोल्मीच्या सगळ्या गायी मेपलच्या रानात होत्या. गिलीस त्यांना हाकलत होता. एकटाच. कुंपणाचं फाटक त्याच्याकडूनच उघडं राहिलं होतं. मी म्हटलं, आजचं आणि उद्या सकाळचं दूध बाजूला ठेव, पाठवू नकोस. त्यानं हो हो केलं. सकाळी बघते तर तुझ्या गाडीत आठच्या आठ. ते आले नसते तर मी गप्प बसले असते. घाबरला असणार बिचारा, कॅन कमी गेले तर मालक विचारेल म्हणून."

"मग ओट्यावर हेच का नाही सांगितलंस? डोळ्यांनी बघितलं होतंस. तुझी खोली पणाला लावायची काय गरज होती?"

ती माझ्याकडे असं बघत राहिली, जसं हॅगर्टीनं दहा मिनिटं आधी चोथा काढला की बघायची. टोल्मी वारले, गिलीसचं आता स्वतःचं शेत आहे, चोवीस गायी, तो आमच्याच कारखान्याला दूध घालतो. मी रोज त्याचे कॅन उचलत होतो आणि मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"त्याची बायको पोटुशी होती," मावशी म्हणाली. "सातवा लागला होता. मला काय, फडकी कुठंही धुता आली असती."